पोतनीसांचं सोनं

टोलनाक्यावर गाडी थांबते, वर कुठेतरी बीप वाजतं, दांडा उचलला जातो आणि मागचा लगेच हॉर्न मारतो. दिल्लीहून मानेसरला नोकरीला जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हे रोजचं आहे, त्यात आठवण काढण्यासारखं काही नाही. मला मात्र त्या बीपला दर वेळी पोतनीस आठवतात. परवा ऑफिसच्या नव्या ड्रायव्हरने विचारलंच, "मॅडम, टोल आते ही आप चुप क्यों हो जाती हो?" त्याला काय सांगणार? म्हटलं, "कुछ नहीं भैया, चलो."

यशवंत पोतनीस आमच्या गोदामाचे प्रमुख होते. आमची कंपनी औषधांची. कारखान्यांकडून औषधं घ्यायची, मानेसरच्या मोठ्या गोदामात ठेवायची आणि उत्तरेतल्या दुकानदारांना पोचवायची. मी वरच्या मजल्यावर अकाउंट्समध्ये, ते खाली मालात. दोघंही आर. के. पुरमला राहायचो, आणि दोघांनाही क्वार्टर मिळालं होतं ते जोडीदाराच्या सरकारी नोकरीवर. त्यांच्या सुमेधा वहिनी एका केंद्रीय खात्यात अधिकारी, माझा नवरा दुसऱ्या. "मी सरकारचा घरजावई आहे, मीनाताई," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी म्हटलं, सुनेला कोणी घरसून म्हणत नाही, तिचं ते कामच असतं. यावर ते इतके हसले की त्याच दिवसापासून मी त्यांच्या गाडीत शेजारची सीट पकडली, ती पुढे सात-आठ वर्षं सोडली नाही.

या माणसाने हॉर्न वाजवलेला मी कधी ऐकला नाही. तीस वर्षं दिल्लीत राहून हॉर्न न वाजवणारा हा एकच प्राणी असावा. "हॉर्न म्हणजे अनोळखी माणसाला दंडाला धरून हलवणं," असं त्यांचं म्हणणं. धौला कुआँच्या चौकात मागचे लोक त्यांच्या आईबहिणीचा उद्धार करत पुढे जायचे, आणि हे काच खाली करून "जाओ भाई, जाओ" म्हणायचे. हिंदी बोलायचे भरपूर, पण तिचं सोलापूर काही सुटलं नव्हतं. गोदामातली पोरं त्यांची नक्कल करत, ती ऐकून हेच चूक दुरुस्त करून द्यायचे, "ऐसे नहीं, मैं 'करने का' बोलता हूँ."

गोदामात त्यांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते देवळातल्यासारखे. पहिला नियम, खोक्यावर बसायचं नाही. मुख्तार नावाचा हमाल नवा होता तेव्हा दुपारी दमून एका खोक्यावर टेकला. पोतनीस त्याच्याजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "इस डिब्बे में किसी का बुखार है." मुख्तार दचकून उठला. मग पोतनीसांनी समजावलं, की आतलं औषध कुठल्यातरी गावात कुठल्यातरी तापलेल्या माणसाची वाट बघतंय, त्याच्यावर कसं बसणार? एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले, स्वतःची गादीची खुर्ची उचलून आणली आणि डॉकवर, म्हणजे ट्रक लागतो त्या ओट्यावर, हमालांसाठी ठेवून दिली. ती तिथेच राहिली. पुढे ते स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसत आणि कंबर धरली की वहिनींची बोलणी खात.

"खोक्यात कुणाचा तरी ताप आहे" हे त्यांचं वाक्य गोदामात इतकं रुळलं की हमाल एकमेकांना त्यावरून चिडवायचे. पण औषधाचं खोकं कोणी आपटत नसे. विनाकारण हलवायचंही नाही, हा दुसरा नियम. पाहुणे आले, सरकारी तपासणी आली, फोटो काढायचे आहेत, तर कापसाच्या गठ्ठ्यांसमोर काढा. औषधाला नुसत्या दाखवण्यासाठी जागेवरून उठवायचं नाही. हा नियम मला तेव्हा फार आवडला होता. पुढे त्यानेच त्यांचा घात केला.

एकदा लहान मुलांच्या तापाच्या सिरपचा एक बॅच कारखान्याने परत मागवला. त्यात काही दोष निघाला होता. आमच्याकडची सगळी खोकी काढली, एक काही सापडेना. पुस्तकात आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे, गोदामात नाही. कुठे गेलं? दुकानात गेलं असेल तर? त्या दिवसांत पोतनीस गाडी चालवतानाही तोंडाने दुकानांची नावं घेत असायचे. अखेर ते खोकं सापडलं एका कोपऱ्यात, मोडक्या लाकडी फळ्यांच्या मागे, सीलबंद. कोणाला काही झालं नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विसरून गेले. पोतनीस विसरले नाहीत. "हाक मारली की खोक्याने ओ द्यायला हवी," असं ते त्यानंतर वारंवार म्हणू लागले. मला वाटायचं, बोलण्याची एक पद्धत. पण त्यांच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजायला लागलं होतं.

आणि त्याच सुमाराला टोलवर गाड्यांच्या काचांना टॅग आले. त्याआधी तिथे एक खिडकी होती आणि खिडकीत एक मिशाळ गृहस्थ बसायचे. सुट्ट्यांवरून सगळ्यांशी भांडायचे, पोतनीसांना मात्र "राम राम जी" करायचे, कारण हॉर्न न मारता रांगेत थांबणारा हा एकच. काचेवर टॅग आला आणि पहिल्यांदा बीप होऊन दांडा आपोआप वर गेला, तेव्हा पोतनीसांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "बघितलंत? कागदाने ओ दिली." पुढे काही दिवसांनी ती खिडकी बंद झाली. मी विचारलं, ते राम रामवाले कुठे गेले असतील? "लावलं असेल दुसरीकडे कुठेतरी," पोतनीस म्हणाले, आणि गिअर टाकला.

पोतनीसांच्या आणखी एका वेडाबद्दल सांगायला हवं. दर संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस पानिपतला काला अंबला जाते. बाकीचे स्मारकाला फुलं वाहतात, पोवाडे ऐकतात, तिळगूळ खातात. पोतनीस कोणाला तरी बाजूला घेऊन रसदीवर भाषण देत. त्यांचं म्हणणं, पानिपत तलवारीने नाही गेलं, रसद तुटली म्हणून गेलं. धान्य कुठे अडकलं, वाट कोणी कापली, सगळं हाताने हवेत काढून दाखवायचे. आणि शेवटी नेहमी एकच, की सरदार कोण पडले ते सगळ्यांना पाठ आहे, पण सामान वाहणारे बुणगे किती मेले ते कोणी सांगत नाही. लोक जांभया द्यायचे. मीही द्यायची. पण आमच्यात रसदीचं दुःख झालेला असा एकच माणूस होता, हे खरं.

तर असा हा माणूस एक दिवस सेठजींकडे, म्हणजे आमच्या मालकांकडे गेला आणि म्हणाला की प्रत्येक खोक्याला टोलसारखा टॅग लावू. बोटभर कागद, आत केसासारखी तार. दारात एक चौकट बसवायची, तिच्यातून रेडिओच्या लहरी सुटतात, खोकं खालून गेलं की टॅग उत्तर देतो. मोजायला नको, शोधायला नको, एक्स्पायरी होऊन माल फेकायला नको. सेठजी काही वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची किंमत आधी कळायला हवी असे. ते म्हणाले, पहिले चलाके दिखाओ.

मशीनवाले आले, चौकट उभी केली आणि म्हणाले, तुमचा कुठलाही माल आणा. पोतनीसांनी कापूस, बँडेज आणि लहान मुलांचे डायपर आणवले. औषध कसं आणतील? नुसत्या दाखवण्यासाठी औषधाला उठवायचं नाही, हा नियम. कापसाची खोकी चौकटीतून सरसर गेली आणि पडद्यावर आकडा बरोबर आला. पुन्हा नेली, पुन्हा बरोबर. सेठजींनी टाळी वाजवली. मशीनवाल्यांनी काही विचारलं नाही, आणि आम्हाला विचारायचं काय ते माहीत नव्हतं. मी जिन्यात उभी राहून बघत होते. पोतनीसांनी तिथूनच माझ्याकडे बघून मान हलवली, मुलगी पहिली आल्यावर बाप हलवतो तशी.

खाली मोजणीला पंधरा-वीस बायका होत्या. आलेला माल मोजायचा, बॅच बघायचा, खूण करायची, हे त्यांचं काम. सगळ्या आसपासच्या गावातल्या, ठेकेदाराकडून आलेल्या. त्यांची म्होरकी शीला, रेवाडीकडची, उंचपुरी, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी. मशीनवाले मापं घेऊन गेले त्या दिवशी तिने पोतनीसांना गाठलं. "साब, यो मशीन म्हारी जगह आवै सै के?" पोतनीस म्हणाले, उत्तर खंडेनवमीला देतो.

खंडेनवमी ही पोतनीसांनी गोदामात आणलेली चाल. तिकडचे लोक दिवाळीनंतर विश्वकर्म्याची पूजा करतात ती होतीच, त्यात ही दुसरी. मिठाई दोनदा मिळते म्हटल्यावर कोणी हरकत घेतली नाही. ट्रॉल्या, वजनकाटे, हातातले स्कॅनर सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. दसऱ्याला सुट्टी असल्यामुळे सोनंही आम्ही एक दिवस आधीच लुटायचो. आपटा दिल्लीत कुठला मिळायला, म्हणून पोतनीस आर. के. पुरममधल्या कांचनाच्या झाडाची पानं आदल्या संध्याकाळी माळ्याची परवानगी घेऊन काढायचे. जोडपान असलेलं, न फाटलेलं, प्रत्येकाला एक. हमाल, ड्रायव्हर, बायका, वॉचमन, कोणी सुटायचं नाही. हातात पान ठेवून म्हणायचे, "ये सोना है. सोने के जैसा रहने का." लोक हसायचे, पण पान खिशात जपून घालायचे.

त्या वर्षी पूजेला नवी चौकटही होती, तिला झेंडूचं तोरण. पोतनीसांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाले, हे मशीन खोकी शोधायला आलंय, माणसं काढायला नाही. मग पहिलं पान शीलाच्या हातात ठेवलं. "इस मशीन से किसी का काम नहीं जाएगा. ये मेरा शब्द है. ये पत्ता रखो." शीलाने पान कपाळाला लावलं. तिचं बघून बाकीच्यांनीही लावलं. मी मात्र वर उभी राहून त्या शब्दाचा हिशेब मांडत होते, कारण अकाउंट्समधल्या माणसाला दुसऱ्याच्या तिजोरीवर दिलेला शब्द ऐकवत नाही. संध्याकाळी गाडीत मी विचारलंच, सेठजींना विचारून शब्द दिलात का? ते म्हणाले, "अहो, बचत एक्स्पायरीतून होणार आहे, माणसांतून नाही. बिल्कुल सरळ आहे." 

थंडी सुरू झाली आणि खरा माल चौकटीखालून जायला लागला. पहिली ट्रॉली गेली खोकल्याच्या सिरपची. अर्ध्या खोक्यांनी उत्तरच दिलं नाही. ट्रॉली परत आणली, पुन्हा नेली. आकडा वेगळा, तरी चुकीचा. मग गोळ्या नेल्या, त्या तर जवळजवळ मुक्याच. मशीनवाल्यांनी मग सांगितलं, आणि इतक्या सहजपणे सांगितलं की मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पाणी या लहरी पिऊन टाकतं, आणि धातू त्यांना परतवून लावतो. सिरप म्हणजे पाणी. गोळ्यांच्या पट्ट्या म्हणजे ॲल्युमिनियम. औषधांच्या गोदामात दुसरं असतं काय? "सर, ट्रायल में तो आपने कॉटन दिया था," ते म्हणाले.  पोतनीसांचा चेहरा मला आजही दिसतो. ज्या औषधाचा मान राखला त्यानेच तोंडघशी पाडलं.

पुढची बिलं माझ्याच टेबलावरून गेली. पट्ट्यांच्या खोक्यांना वेगळे, जाड टॅग. सिरपसाठी आणखी चौकटी, वरून वेगळ्या, बाजूने वेगळ्या. मग शेजारच्या दारातला माल या दारात वाचला जायला लागला, म्हणून दोन दारांमध्ये लोखंडी जाळीची भिंत. मग आमच्या कॉम्प्युटरला त्यांचा कॉम्प्युटर समजेना, म्हणून मध्ये तिसरा. टॅग एकदाच वापरायचा, खोक्याबरोबर दुकानात जायचा आणि कचऱ्यात पडायचा, की नवा घ्या. एवढं करून सिरप पुन्हा हाताने मोजावंच लागायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तर आमची कोंबडीही अर्धीच शिजली होती. सेठजी दर आठवड्याला मला विचारायचे, अजून किती? मी कागद पुढे करायची. त्यांना परत फिरणंही शक्य नव्हतं, कारण अर्ध्यात टाकलेल्या मशीनला भंगारवालाही विचारत नाही.

पोतनीस रोज लवकर यायला लागले. चौकटी इकडे सरकव, टॅग खोक्याच्या या कोपऱ्यात लाव, बाटल्यांच्या मानेजवळ लाव, असं दिवसभर चाललेलं. काही सुधारलं, पुरेसं नाही. त्या संक्रांतीला काला अंबला ते आले, पण रसदीचं भाषण झालं नाही. कोणीतरी मुद्दाम छेडलं तेव्हा म्हणाले, "रसद मोजणाराच चुकला तर काय बोलायचं?" आणि बसमध्ये जाऊन बसले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. सेठजींनी पोतनीसांना वर बोलावलं, मीही खोलीत होते. ते म्हणाले, एवढा पैसा घातला, तो कुठून तरी निघायला हवा. एक्स्पायरीतून निघत नाही, मग मोजणीतून निघू दे. मशीन असताना मोजणीला इतके लोक कशाला? पोतनीस म्हणाले, मशीन सिरप वाचत नाही, आता तर माणसं जास्त हवीत. सेठजी म्हणाले, "पोतनीस जी, मशीन भी रखूँ और आदमी भी रखूँ, तो मशीन लगाई किसलिए?" हा प्रश्न चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. पोतनीस खूप बोलले. माझा पगार कमी करा, असंही बोलले. सेठजींना ते अपमानास्पद वाटलं. शेवटी ठरलं, मोजणीतल्या चार बायका ठेवायच्या, बाकीच्या आणि काही हमाल जातील. ठेकेदार सांगेल.

"ठेकेदार नाही, मी सांगतो," पोतनीस म्हणाले. त्यांनी डॉकवर सगळ्यांना जमवलं. आपली ती गादीची खुर्ची बाजूला सारली आणि उभ्याने सांगितलं. कारणं दिली नाहीत, माफी मागितली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, कोणी रडलं नाही. त्या बायकांना कामावरून काढलं जाण्याची सवय होती, हे मला त्या दिवशी समजलं, आणि ते जास्त वाईट वाटलं. फक्त शीला पुढे आली. आवाज न चढवता म्हणाली, "साब, आपने तो पत्ता दिया था."

"दिया था," पोतनीस म्हणाले. 

त्यानंतर ते दुपारी स्वतः हातात स्कॅनर घेऊन सिरपची खोकी मोजत बसायचे. उरलेल्या चार बायकांवर पंधरा-वीस जणींचं काम आलं होतं, ते थोडं उचलायचे. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस स्टुलावर बसून खोकी मोजतोय हे बघून मला त्यांचा राग यायचा. म्हणायची, अहो, आता तुमच्या मोजण्याने काय होणार आहे? ते म्हणायचे, "कुणाचा तरी ताप आहे हो आत." पूर्वी ते हे वाक्य ऐटीत म्हणायचे. आता ऐकवत नसे.

पुढची खंडेनवमी आली. सकाळी गाडीत बसले तर पानांची पिशवी दिसली नाही. मी विचारलं नाही. पूजा झाली, हळदकुंकू झालं, कोणीतरी सोनं मागितलं तर म्हणाले, इस बार नहीं. संध्याकाळी निघालो तेव्हा गाडी हायवेला न लावता त्यांनी गावाकडच्या रस्त्याला घेतली. म्हणाले, "मीनाताई, अर्धा तास उशीर चालेल का? दोन घरी जायचंय." कशाला, तर दिलेली पानं परत मागायला.

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. तसं बोललेही. ते शांत होते. "सोनं म्हणून दिलं होतं. शब्द मोडला की त्याचा पाचोळा झाला. आपला पाचोळा लोकांच्या घरात का राहू द्यायचा?"  मी खिडकीबाहेर बघत बसले.

मुख्तारची खोली आधी आली. तोही उन्हाळ्यात गेलेल्यांपैकी. आता ई-रिक्षा चालवत होता. साहेबांना दारात बघून इतका खूश झाला की पानाचं ऐकून हसायलाच लागला. "अरे साहब, पत्ता ही तो था. कब का झड़ गया." चहा पाजल्याशिवाय सोडेना. पोतनीस हसले, चहा प्यायले, त्याच्या मुलांची नावं विचारली. बाहेर आल्यावर त्यांना थोडं हलकं वाटत असावं. मलाही वाटलं, की चला, झालं.

शीला एका चाळीसारख्या रांगेत राहत होती, एका खोलीत. नुकतीच कामावरून आली होती. आता ती गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत घरकाम करायची. गळ्यात निळ्या फितीला अडकवलेलं कार्ड अजून तसंच होतं. आमची नजर गेलेली बघून तिने ते उचलून दाखवलं. फाटकाशी ते मशीनला लावावं लागतं, म्हणाली, मग बीप होतं तेव्हा आत सोडतात, आणि बाहेर पडताना पुन्हा. "आपके डिब्बे मशीन ने पढ़े के ना पढ़े साब, मन्ने तो रोज पढ़ ले सै."

मशीन मला रोज वाचतं, हे ती टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. तिला ती गंमत वाटत होती. पण पोतनीस त्या कार्डाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता ते काही न मागताच परत फिरतील. ते फिरले नाहीत. चपला काढून आत गेले, आणि एका दमात म्हणाले की गेल्या वर्षीचं पान असेल तर परत दे, मी शब्द पाळला नाही.

भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर देवांच्या तसबिरी. शीलाने तिकडे बघितलं. मीही बघितलं. एका तसबिरीच्या काचेत, कडेला खोचलेलं, ते जोडपान होतं. वाळून तपकिरी झालं होतं, पण तुटलं नव्हतं. तिने रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावली असणार, कारण काचेवर त्याच्याभोवती धुराचा डाग होता.

"ना साब," ती म्हणाली. "भगवान के आगै धर दिया, सो धर दिया. उल्टा ना उठाऊँ."

पोतनीस म्हणाले, अगं पण ते खोटं निघालं. त्यावर ती म्हणाली की देताना तर खोटं नव्हतं ना. मग पदर सावरून पाणी आणायला गेली. पोतनीस तिथेच उभे होते, हात थोडा पुढे केलेला, तो मागे घ्यायचं त्यांना सुचलं नसावं. आम्ही पाणी प्यायलो. तिने माझ्या हातावर बत्तासे ठेवले, नवमीचे. निघताना ती दारापर्यंत आली आणि पोतनीसांना म्हणाली, कमरेची काळजी घ्या, स्टुलावर बसू नका.

नंतर पोतनीस आमच्या ऑफिसात फार राहिले नाहीत. राजीनामा दिला, वहिनींनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, क्वार्टर सोडलं आणि दोघं सोलापूरला गेले. मी फोन केला तर वहिनीच उचलतात. ते बरे आहेत, म्हणतात, बागेत आहेत. मशीन अजून आहे, आता बरंच वाचतंही. नवे टॅग निघाले, स्वस्तही झाले. गोदाम बघायला पाहुणे येतात तेव्हा सेठजी ते अभिमानाने दाखवतात, आणि त्यात काही खोटं नाही.

पण मला पोतनीस दिसतात ते त्या संध्याकाळचे. शीलाच्या घरून निघून आम्ही हायवेला लागलो.  टोलनाका आला. सणाची गर्दी होती, रांग हळूहळू सरकत आमचा नंबर लागला. वर बीप झालं. दांडा वर गेला. पोतनीस गाडी पुढे घेईनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर उघडलेल्या वाटेवर. मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळी रांगच वाजवायला लागली.

"साहेब, उघडलंय," मी म्हटलं.

"तिने द्यायला हवं होतं हो ते पान," पोतनीस म्हणाले, आणि रडायला लागले. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. हॉर्न वाजतच होते. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने काच खाली केली, हात बाहेर काढून मागच्यांना म्हणाले, "जाता हूँ भाई, जाता हूँ," आणि गाडी गिअरमध्ये टाकली.